पाव गोळीची जागल

पऱ्हाटीला बोंडे धरली आणि तुरी फुलावर आल्या की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात घराघरांतून एक तरी माणूस जेवण आटोपून, खांद्यावर घोंगडे आणि हातात बॅटरी घेऊन वावराकडे निघतो. याला आम्ही जागलीला जाणे म्हणतो. चार खांबांच्या मचाणावर बसायचे, अधूनमधून तेलाचा रिकामा पिपा वाजवायचा, धुऱ्यावरून उजेडाचा झोत फिरवून रानडुकरे आणि रोही म्हणजे नीलगाई यांना पिकापासून दूर ठेवायचे आणि तांबडे फुटले की घरी येऊन दोन तास पडायचे, असा त्या कामाचा क्रम असतो. जागलीला गेलेल्या माणसाची बायको घरी जागीच असते, हे मात्र कोणी मोजत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझे यजमान कास्तकारी करतात, आणि माझ्या झोपेची गोष्ट या घरातल्या जागलीपासून सुरू होते. ती लिहून काढावी असे वाटले, कारण झोपेच्या गोळीची सवय सोडवताना जे सर्वांत अवघड गेले, त्याची कल्पना मला आधी कोणी दिली नव्हती. जुनी गोळी कमी करत असताना तिच्या मदतीला म्हणून जी नवी गोळी यावी, तीही काही दिवसांत निकामी होत जाते, आणि तेव्हा हाती धरायला काहीच उरले नाही असे वाटू लागते.

२०१६ पासून पुढची दोन वर्षे आमच्या भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. राळेगाव आणि पांढरकवडा या पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले. अनेकांनी त्या काळात जागल सोडली. आमच्यावर सोसायटीचे कर्ज होते आणि वावर जंगलाला लागून, त्यामुळे यजमान आणि शेजारचे तिघे असे चौघे मिळून जात राहिले. मी ओसरीत बाजेवर पडून कान लावून असायची. दूरवर पिपा वाजला की चौघे ठीक आहेत, असा आमचा हिशेब होता, आणि दोन पिप्यांच्या आवाजांमधले अंतर जरा वाढले की माझे हातपाय गार पडत. पहाटे ते आले तरी मला झोप लागत नसे, आणि नऊ वाजता तर शाळेची तयारी करून निघावे लागे.

सप्टेंबर २०१७ मध्ये तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी मला अल्प्राझोलाम लिहून दिली, ०.२५ मिलिग्रॅमची, रात्री एक, पंधरा दिवसांसाठी. पहिल्या रात्रीचे इतकेच आठवते, की मी सकाळच्या भाकरीचे पीठ परातीत काढून त्यावर ताट झाकले, आणि त्यानंतर एकदम कोंबडा आरवला. मधली रात्र कोणी उचलून नेली होती. इतक्या महिन्यांनंतर मिळालेली ती झोप मी विसरू शकत नाही, आणि त्या गोळीबद्दल आजही माझ्या मनात राग नाही. राग आहे तो पंधरा दिवसांनंतर काय करायचे, हे कोणीच न सांगितल्याचा.

ती चिठ्ठी पुढे पाच वर्षे चालली. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधे शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार औषध दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव लिहायचे असते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची असते. गोळीच्या पाकिटावर लाल चौकटीत तसा इशाराही छापलेला असतो. मी तो इशारा शेकडो वेळा पाहिला आणि एकदाही वाचला नाही. ज्या दुकानातून मी गोळ्या आणत असे, तिथे माझी चिठ्ठी घड्यांवर फाटून तिचे चार तुकडे झाले, तरी ते तुकडे काउंटरवर जुळवून ठेवले की नवे पाकीट मिळत असे. मी गावातली बाई आणि ओळखीची मास्तरीण असल्यामुळे मला कोणी अडवले नाही. कोणी अडवले असते तर बरे झाले असते.

जानेवारी २०१८ पर्यंत एका गोळीच्या दोन झाल्या होत्या. त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण मारली गेली. त्या बाबतीत बरोबर काय आणि चूक काय, यावर पुढे खूप बोलले गेले. माझ्या घरापुरते सांगायचे तर पिप्याच्या आवाजाची धास्ती त्या आठवड्यात संपली. आता गोळी सोडू, असे ठरवून मी दोन रात्री घेतली नाही आणि दोन्ही रात्री टक्क जागी राहिले. तेव्हा माझी समजूत झाली, की माझी झोप मुळातच मेलेली आहे आणि गोळी आहे म्हणून मी जिवंत आहे. गोळीवाचून येणारी ती जाग गोळीनेच तयार केलेली होती, हे समजायला आणखी चार वर्षे जावी लागली. २०१९ पासून मी रोज पाऊण मिलिग्रॅम घेत होते, आणि त्यातही रात्री तीनला डोळा उघडत असे.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गोळ्यांचे पाकीट धान्याच्या कोठीत टाकून दिले. शाळा नाही, मुले नाहीत, आठ-दहा दिवस सहन करू आणि मोकळे होऊ, असा विचार होता. पहिली रात्र गेली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या पणत्यांचा उजेड डोळ्यांना सहन होईना आणि ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज दाढेत शिरल्यासारखा वाटू लागला. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते, की रांगोळीची चिमूट सुटून सगळी एका जागी सांडली. चौथ्या रात्री अंगावरून मुंग्या चालत आहेत अशा भासाने मी कंदील घेऊन अंथरूण झटकत बसले होते. सासूबाई उठून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काहून वं माय, अजून डोया नाही लागला?" मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही. कोठीत हात घालून, तुरीच्या दाण्यांतून ते पाकीट शोधून काढले आणि पाणी न घेता गोळी गिळली.

अशी औषधे एकदम बंद केली तर फिट येऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो, हे मला नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचार डॉक्टर बाईंनी सांगितले. त्या चार रात्री केवळ नशिबाने निभावल्या. म्हणून हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात अशी गोळी महिनोन्महिने चालू असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे, की ती आपल्या मनाने थांबवू नये, आणि माझ्या गोळ्यांचे जे आकडे पुढे येतील तेही आपल्याला लावून घेऊ नयेत. प्रत्येकाचा उतार डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

डॉक्टर बाई शेतकऱ्याच्या घरच्या होत्या, त्यामुळे त्यांनी मला समजेल असा दाखला दिला. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते, ते मेंदूची धावपळ मंद करते. गोळी स्वतः झोप आणत नाही, ती या गाबाचा जोर वाढवते. "बंडीला एक बैल दांडगा जुंपला, तर दुसरा काय करतो?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "अंग सोडून चालतो." तसेच होते, त्या म्हणाल्या. बाहेरून रोज इतका जोर मिळाल्यावर मेंदू आपल्या घरच्या बैलाचे काम कमी करून टाकतो, म्हणून तीच गोळी पुढे कमी पडू लागते. आणि दांडगा बैल एका दिवसात सोडला, तर अंग सोडलेल्या बैलाच्या एकट्याच्या बळावर बंडी चढणीवरून मागे घसरते. त्या बैलाला पुन्हा ओढायची सवय लावायची, तर दुसऱ्याचा जोर थोडा थोडाच काढावा लागतो.

अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरते, साधारण अकरा तासांत निम्मी होते, म्हणून रोज पहाटे आणि दुपारी माझी लहानशी तलफ चालू असायची. तिच्या जागी बाईंनी हळूहळू त्याच कुळातले डायझेपाम आणले, कारण त्याचा अंश कित्येक दिवस रक्तात राहतो आणि त्यामुळे उतार सपाट होतो. हे औषध १९६३ मध्ये बाजारात आले, त्याच्या आधीचे त्याच कुळातले पहिले औषध १९६० मध्ये. ब्रिटनमध्ये १९८८ सालीच डॉक्टरांना सूचना दिली गेली होती, की ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. तिथल्या न्यूकॅसल शहरात हेदर ॲश्टन या डॉक्टर बाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला, आणि उताराचा वेग रुग्णाच्या सोयीने ठरला पाहिजे, हे त्या रुग्णांचे ऐकून ऐकून शिकल्या. मला हे सगळे ऐकून आधी संताप आला. मी शाळेत जायला लागण्याच्या सुमारास जे माहीत झालेले होते, ते राळेगावपर्यंत पोचायला इतकी वर्षे का लागली?

आमचा उतार जानेवारी २०२३ मध्ये डायझेपामच्या १५ मिलिग्रॅमपासून सुरू झाला, जे माझ्या जुन्या पाऊण मिलिग्रॅमच्या तोडीचे होते. दर पंधरा दिवसांनी एक मिलिग्रॅम कमी. त्यासाठी दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या आणि त्या कापण्यासाठी देव्हाऱ्याजवळ एक स्टीलची ताटली, एक नवे ब्लेड आणि फुटपट्टी अशी मांडणी केली. गोळीच्या मधोमध रेघ असते, त्यामुळे अर्धी करणे सोपे जाते. पाव करताना मात्र ब्लेड तिरके पडले की एक तुकडा मोठा, एक लहान आणि ताटलीत पिठीची चिमूट असे व्हायचे. मी ती पिठीही बोटाने टिपून घ्यायची. कोणता तुकडा आज घ्यायचा आणि कोणता उद्या, यावर मी पाच पाच मिनिटे विचार करत बसे. आपल्या मनाची अवस्था त्या ताटलीत जितकी स्वच्छ दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पहिले तीन महिने बरे गेले. मार्चच्या अखेरीला झोप तुटू लागली आणि एप्रिलमध्ये ती चार तासांवर आली. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना अक्षरे हलत. तेव्हा डॉक्टर बाईंना न विचारता मी जुन्या दुकानातून झोल्पिडेम आणली. ती वेगळी गोळी आहे, सवय लावत नाही, असे मला तिथे सांगण्यात आले. दोन रात्री मी झोपले, तिसऱ्या रात्री तीनला उठले, आणि पाचव्या रात्री गोळी घेऊनही बाजेच्या सुंभाचे पीळ मोजत पडले होते. पुढच्या भेटीत मी हे रडत सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की नाव वेगळे असले तरी ही गोळी मेंदूतल्या त्याच कड्यावर जाऊन बसते, जे कडे पाच वर्षांच्या वापराने झिजलेले आहे. म्हणून ती लवकर कमी पडली, आणि ती वाढवत गेलो तर आपण पुढच्या दाराने काढलेला बैल मागच्या दाराने आत घेतो. दारूचेही तसेच आहे, हे त्यांनी न विचारता सांगितले. आमच्याकडे मोहाची घोटभर घे म्हणणारे वडीलधारे पुष्कळ असतात, आणि या गोळीवर दारू घेतली तर झोपेतला श्वासच मंदावू शकतो.

मग त्यांनी हायड्रॉक्सिझीन दिली, सर्दी-खाजेच्या औषधांच्या कुळातली, वेगळ्या वाटेने गुंगी आणणारी. चार रात्री अतिशय सुंदर गेल्या. दुसऱ्या आठवड्यात तोंड कोरडे पडायचे तेवढे राहिले आणि झोप गेली. या कुळातल्या औषधांच्या गुंगीची सवय शरीराला फार लवकर, काही वेळा तीन-चार दिवसांतच होते, हे मला नंतर कळले. त्यानंतर मिर्टाझापिन, मुळात नैराश्यावरची पण गुंगी आणणारी, साडेसात मिलिग्रॅम. तिने तीन आठवडे साथ दिली. मी यजमानांना म्हणाले, की आता मिळाली. चौथ्या आठवड्यात एका रात्री दीडला जाग आली आणि पुन्हा डोळा लागला नाही, आणि अंधारात माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हीसुद्धा गेली.

या विचाराबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते गोळी सोडवण्यातला सगळ्यात खोल खड्डा तो आहे. अंगाची थरथर कमी होते, कानातले आवाज जातात, पण एकेक औषध हातातून निसटताना जी भीती वाटते ती प्रत्येक वेळी मोठी होऊन येते. माणूस झोप येत नाही म्हणून जागा राहत नाही, औषध संपले या धास्तीने जागा राहतो. मला त्या रात्रीत दोन पिप्यांच्या मधली ती जुनी शांतता ऐकू आली. तेव्हा मी दुरून येणाऱ्या आवाजाकडे कान लावून असे, आता स्वतःच्या मेंदूकडे कान लावून होते: गुंगी आली का, पापणी जड झाली का, किती वाजले, किती तास उरले. असे पहारा करणाऱ्या माणसाला झोप कशी लागावी? जागल्याने झोपायचे नसतेच.

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, मी बाईंना मिर्टाझापिन वाढवून मागितली. त्यांनी नकार दिला. मात्रा वाढवल्याने या औषधाची गुंगी त्या मानाने वाढत नाही, आणि वाढली तरी महिन्याभरात आपण पुन्हा इथेच येऊ, असे त्या म्हणाल्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. डायझेपामचा उतार एक महिना आहे तिथेच थांबवला, आणि झोपेसाठी चाललेली औषधांची शोधाशोध बंद करायला सांगितली. मिर्टाझापिन आहे तेवढीच राहील, पुढे तीही सावकाश काढू, पण तिच्याकडून झोपेची अपेक्षा आजपासून ठेवायची नाही. मी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला एकटे टाकल्यासारखे वाटले होते. एसटीच्या खिडकीशी बसून मी यवतमाळपासून घरापर्यंत रडत आले.

त्यांनी सांगितलेला नियम ऐकायला सोपा होता. अंथरुणावर रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढाच वेळ घालवायचा. झोप आली नाही आणि जीव कासावीस होऊ लागला, तर उठून दुसरीकडे जाऊन बसायचे आणि पेंग आली तरच परत यायचे. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचे. दिवसा आडवे व्हायचे नाही. घड्याळ पाहायचे नाही. निद्रानाशावर औषधाशिवाय जो उपचार जगभर पहिला सांगितला जातो, त्याचाच हा भाग आहे. माझ्या डोक्यात झोप वाया न घालवण्याचा विचार पक्का बसलेला होता, त्यामुळे मी आधी रात्री नऊलाच पडत असे आणि नऊ तास बाजेवर तळमळून त्यातून चार तास वेचून काढत असे. बाजेलाच माझ्या जागेपणाची सवय झाली होती. पहिल्या दहा दिवसांत मी इतकी पेंगुळले, की बाईंच्या सांगण्यावरून स्कूटी बंद करून शाळेत पायी जाऊ लागले.

घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवले. रात्री उठून बसायला न्हाणीजवळचा पाटा ही जागा ठरली. तिथे बसून मी शेंगा फोडत असे, तुरी निवडत असे. एका रात्री सासूबाई काशाची वाटी आणि तेल घेऊन आल्या आणि त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले. मला संकोच वाटला, पण त्यांनी सोडले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली, आणि लगेच दुसऱ्या रात्री मी स्वतः वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले, तिसऱ्या रात्रीही गेले, आणि तिसऱ्या रात्री वाटीही चालेना. जायफळाच्या दुधाचे आधी असेच झाले होते. तेव्हा मला बाईंचे म्हणणे खऱ्या अर्थाने समजले. मी जे जे झोपेसाठी म्हणून करीत होते त्याची मी गोळी करून टाकत होते, आणि मग तिच्यासारखाच त्याचाही जोर ओसरत होता. सासूबाईंनी पहिल्या रात्री पाय चोळले ते मला झोप यावी म्हणून नव्हते. सून रात्री एकटी बसलेली त्यांना पाहवली नव्हती. मी त्यांना पुढे सांगितले, की झोप येवो न येवो, तुम्ही बसा माझ्याजवळ. त्यांनी पाय चोळायचे आणि मी त्यांच्या माहेरच्या पोळ्याच्या गोष्टी ऐकायच्या, असे आमचे बरेच दिवस चालले.

यजमानांचा स्वभाव कमी बोलण्याचा आहे. जूनमध्ये एका सकाळी मी त्यांना म्हणाले, की आज रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी दोनदा उठलो पाणी प्यायले. दोन्ही खेपा तू घोरत होतीस." मला वाईट वाटले, त्यांना माझा त्रास खोटा वाटतो असे वाटले. पण डॉक्टर बाई म्हणाल्या, की दोघेही खरे बोलता. तुटक आणि उथळ झोपेच्या काळात मेंदूला आपण झोपलो होतो याची नोंदच राहत नाही. त्यातच वर्षानुवर्षे गोळीने दाबलेली स्वप्नेही त्या महिन्यांत उसळून आली होती, इतकी ठसठशीत, की वाघीण माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली मला दिसे. मी हजेरीपटाच्या जुन्या वहीत रोज रात्रीचे तास लिहीत असे, ती वही बाईंनी मागून घेतली आणि परत दिली नाही.

पाच मिलिग्रॅमच्या खाली अर्ध्या अर्ध्याने उतरायचे ठरले, दर तीन आठवड्यांनी, आणि दोनच्या खाली दर चार आठवड्यांनी. शेवटचा टप्पा सोपा जाईल असे मला वाटले होते. तो सर्वांत कठीण गेला, आणि त्याचे गणित मी दुसरीच्या मुलांनाही समजावू शकले असते: पंधरातून एक काढला तर पंधरावा हिस्सा जातो, दोनातून अर्धा काढला तर चौथा हिस्सा जातो.

२८ ऑक्टोबरच्या कोजागिरीला मी दोन मिलिग्रॅमवर होते. त्या वर्षी त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते, त्यामुळे दूध कधी आटवायचे आणि कधी प्यायचे यावरून गावात बराच खल झाला. भुलाबाईची गाणी म्हणून, खिरापत वाटून मुली लवकर घरी गेल्या. बाकी बाया मात्र ग्रहण पाहायला शाळेच्या पटांगणात थांबल्या. एक वाजून गेल्यावर चंद्राच्या कडेला काळा डाग लागला, पावणेदोनच्या सुमारास तो सगळ्यात मोठा झाला आणि मग हळूहळू सरकत गेला. इतक्या वर्षांत प्रथमच मी रात्री दोन वाजता जागी असून मला भीती वाटत नव्हती. आजूबाजूला सगळेच जागे होते. लहान लेकरे आयांच्या मांडीवर झोपलेली होती. कोणी मला झोपली का, असे विचारत नव्हते आणि मीही स्वतःला विचारत नव्हते. घरी येऊन अडीचला पडले, साडेपाचला उठले, दुसऱ्या दिवशी घरातली सगळी कामे केली. तीन तासांच्या झोपेवर दिवस निघतो, हे मला त्याआधी शंभर वेळा दिसले असूनही पटले नव्हते.

डिसेंबरात पुन्हा खड्डा आला. एका रात्री छातीत धडधड होऊन मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली होती, म्हणजे मी कोठीत पाकीट टाकले त्याच महिन्यात, पण मला तिची माहिती वर्षभराने झाली. पलीकडच्या मुलीने मराठीतून माझे सगळे ऐकून घेतले आणि गोळी आपल्या मनाने वाढवू नका, सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा, एवढेच सांगितले. तेवढे पुरले. त्या रात्री मी कपाटातल्या जास्तीच्या पाव तुकड्याला हात लावला नाही.

यजमानांना मी एकदा विचारले होते, की जागलीच्या रात्री तुम्हाला झोप आली नाही तर काय करता, आणि आली तर काय करता. ते म्हणाले, "झोप नाही आली तं नाही आली, वावर काही पयून नाही चाललं. अन् आली तं डुकरं आपलं काम करतेतच." त्यांना त्यात काही मोठे सांगायचे नव्हते. पण पुढे किती तरी रात्री पाट्यावर बसून शेंगा फोडताना मला त्यातला पहिला अर्धा भाग आठवत राहिला.

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मी शेवटचा पाव तुकडा घेतला. ताटली धुतली, ब्लेड कागदात गुंडाळून टाकले, उरलेल्या गोळ्या पुढच्या भेटीत बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यानंतरचा दीड महिना झोप फार विस्कटलेली होती, आणि मिर्टाझापिन निघायला पुढचा पावसाळा उजाडला. आजही महिन्यात चार-पाच रात्री तशा जातात. पावसाची झड लागली आणि रोह्यांचा कळप धुऱ्याला आला की कुत्री भुंकतात, मी उठते, पाट्यावर जाऊन बसते.

यंदा हरभऱ्याला पाणी द्यायची लाइन आमच्या वाट्याला रात्रीची आली आहे. परवा रात्री मोटारीला वीज आली तशी यजमानांनी बॅटरी घेतली, मफलर कानांवर बांधला आणि ते निघाले. मी आतून कडी लावली, सासूबाईंच्या अंगावरची वाकळ नीट केली आणि आपल्या बाजेवर येऊन पडले. पंपाचा आवाज वाऱ्यावर येत जात होता. तो एकदा थांबल्यासारखा वाटला, आणि मी तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहू लागले. त्यानंतर मला ऐकू आली ती दाराची कडी. ते बाहेर उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, आणि अंगणात ऊन आले होते.